बंगईवरचं बारसं

लेखकाचा खरा जन्म आईच्या पोटी होत नाही. ज्या क्षणी तो स्वतःला नाव देतो, त्या क्षणी होतो. हे वाक्य मी रामदासपेठेतल्या एका सभागृहात ऐकलं. प्रमुख पाहुणे ते बोलून जरा थांबले, लोकांनी टाळ्या वाजवल्या, आणि मी शेजारच्या खुर्चीकडे पाहिलं. तिथे आमच्या ताई बसल्या होत्या. या हिशोबाने त्या वर्षभरापासून जन्म घेत होत्या आणि अजून काही पत्ता नव्हता.

त्यांची बोटं तेव्हाही चालूच होती. मांडीवर पर्स, पर्सवर दहा बोटं, आणि समोर कीबोर्ड नसताना टायपिंग. तुम्हीही बसमध्ये ओठांतल्या ओठांत स्तोत्र म्हणणाऱ्या बायका पाहिल्या असतील. ताई बोटांतल्या बोटांत नाव टाईप करायच्या. एकच नाव दहा-बारा वेळा पर्सवर उमटवायचं आणि मग मान हलवायची. “नाही बसलं.” मी एकदा म्हटलं, नाव कानाला बरं लागतं का ते पाहावं, बोटांचा काय संबंध? तर म्हणाल्या, “कानाले काय, काही भी चालते, भाऊ. नाव बोटाले बसलं पाहिजे.”

आम्ही दोघं एका एक्स-रे आणि एमआरआय सेंटरमध्ये कामाला होतो. मी समोरच्या काउंटरवर. पूर्ण नाव, वय, कुठून आलात, हे तीन प्रश्न विचारण्यात माझी बरीच वर्षं गेली. ताई आतल्या खोलीत. डॉक्टर बोलून ठेवत, ताई कानाला हेडफोन लावून ते टाईप करत. कागदाच्या वर पेशंटचं नाव, खाली डॉक्टरांचं नाव पदव्यांसकट, आणि अगदी डाव्या कोपऱ्यात मुंगीएवढ्या टायपात ताईंची दोन आद्याक्षरं. ती कोणी वाचत नसे. उजव्या मूत्रपिंडाचं डावं झालं, तर कोणाला बोलावून विचारायचं ते कळावं, एवढाच त्यांचा उपयोग.

प्रत्येक रिपोर्टच्या शेवटी एक ठरलेली ओळ असते : प्लीज कोरिलेट क्लिनिकली. म्हणजे, यंत्रात आम्हाला असं दिसलं. पेशंटला हात लावून खरं-खोटं तुम्ही ठरवा. ही ओळ लिहून लिहून ताईंच्या तोंडात बसली होती. चहावाल्याने समोसे आत्ताच काढलेत असं सांगितलं, की ताई म्हणायच्या, “कोरिलेट करून घ्या.” कोणी सुनेचं फार कौतुक करू लागलं, लिफ्ट दुरुस्त झाल्याची बातमी आली, वर्तमानपत्रात नागपूर बदलतंय असं छापून आलं, सगळ्याला एकच उत्तर. मी मुळात संशयी माणूस. त्या ओळीसाठी मी ताईंचा ऋणी आहे.

आमचे डॉक्टर कवी होते. त्यांच्या कविता टाईप करायचं कामही ताईंकडेच असायचं. एका यकृतानंतर एक कविता, मग पुन्हा यकृत. एकदा एका प्रेमकवितेच्या शेवटी चुकून प्लीज कोरिलेट क्लिनिकली गेलं. डॉक्टरांनी ते काढलं नाही. त्यांना वाटलं, आपल्यालाच सुचलं असावं. वर सांगितलेला समारंभ त्यांच्याच संग्रहाच्या प्रकाशनाचा होता. मुखपृष्ठावर नाव आणि नावापुढे सगळ्या पदव्या, मिळाल्या त्या क्रमाने.

ताई लिहितात हे मला कळलं ते अपघाताने. त्या दोन दिवस रजेवर होत्या आणि मला गुडघ्याच्या रिपोर्टचा नमुना हवा होता. त्यांच्या संगणकावर ‘जुने फॉरमॅट’ नावाचं फोल्डर दिसलं. त्यातली पहिली फाईल उघडली. तिच्यात गुडघा नव्हता.

एमआरआयचं यंत्र म्हणजे एक मोठा लोहचुंबक. आत जाताना अंगावर धातूचं काही ठेवत नाहीत. बायका मंगळसूत्र, बांगड्या, जोडवी काढतात आणि सोबत आलेल्या माणसाच्या हातात देतात. फाईलमध्ये त्या माणसांबद्दल लिहिलं होतं. बाहेरच्या बाकावर बायकोचं मंगळसूत्र घेऊन बसलेल्या नवऱ्यांबद्दल. एक जण ते रुमालात बांधतो आणि दर दोन मिनिटांनी गाठ सोडून पाहतो. एकाला ते कुठे ठेवावं हेच कळत नाही. तो मूठ मिटून तासभर तसाच बसतो आणि दुसऱ्या हाताने फॉर्म भरतो. एक म्हातारा, हरवेल या धाकाने, ते स्वतःच्याच गळ्यात घालतो, शर्टाचं वरचं बटण लावतो, आणि आतून यंत्राची ठकठक आली की शर्टावरून हात फिरवतो. बायको बाहेर येते. दोघंही विसरतात. लिफ्टकडे जाताना मंगळसूत्र त्याच्याच गळ्यात. एवढंच होतं, दीड पान. खाली नाव नव्हतं.

बरंच वाचलेल्या माणसाला दुसऱ्या परिच्छेदातच कंटाळा येतो. मला तरी येतो. काउंटरवर कोणीतरी घंटी वाजवत होतं. मी उभ्यानेच शेवटपर्यंत वाचलं आणि पुन्हा वरून सुरू केलं. कोणाच्या तरी पुस्तकातून उतरवून घेतलं असावं, असंच मला वाटलं. ताई परत आल्यावर विचारलं, हे कोणाचं?

त्यांनी हेडफोन काढून टेबलावर ठेवला. लाजल्या नाहीत, रागावल्याही नाहीत. एकच विचारलं, “माझं आहे हे माहीत नव्हतं, तेव्हा कुठपर्यंत वाचलं?”

“शेवटपर्यंत.”

“मधात उठले नाही?”

“घंटी वाजत होती. तरी नाही.”

हा प्रश्न नंतर त्यांनी मला अनेकदा विचारला. लिफ्टमध्ये, चहा पिताना, एकदा तर एका पेशंटचं नाव विचारायला आल्या आणि मधेच. एखादं जुनं पत्र पुन्हा काढून वाचावं तसं.

त्याचं कारण त्यांनी हळूहळू सांगितलं. त्यांचे यजमान कोराडीच्या वीजकेंद्रात होते. तिथल्या कॉलनीच्या गणपतीत ताईंनी एकदा स्टेजवर स्वतःचं काही वाचलं होतं. एका बाईची गोष्ट होती. सगळ्यांनी खूप कौतुक केलं. साहेबांच्या मिसेस लिहितात भी, असं म्हणाले. साडीचा रंग चांगला दिसला, असंही. पण त्या गोष्टीतल्या बाईचं पुढे काय झालं, हे एकानेही विचारलं नाही. “मले एक अनोळखी माणूस पाहिजे, भाऊ,” ताई म्हणाल्या. “त्यानं शिव्या दिल्या तरी चालते. पण वाचून द्याव्या.”

इंटरनेटवर मराठी लिहिणाऱ्यांची एक साइट होती. कोणीही जावं, लिहावं. ताईंनी ती शोधून ठेवली होती. पण पहिलाच रकाना होता लेखकाच्या नावाचा, आणि तो भरल्याशिवाय पुढचं पान उघडत नव्हतं. तिथे त्या थांबल्या त्या थांबल्याच.

मी म्हटलं, काहीतरी टाका आणि पुढे जा. यावर त्यांनी सांगितलं की त्यांचं नाव आतापर्यंत दोनदा ठेवलं गेलं. पहिल्यांदा त्या बारा दिवसांच्या होत्या. दुसऱ्यांदा लग्नात, यजमानांनी ताटभर तांदळात अंगठीने नवं नाव लिहिलं आणि मांडवातल्या सगळ्यांनी वाकून पाहिलं. ताईंनीही पाहिलं, पण त्यांच्या बाजूने ते उलटं दिसत होतं. वाचायला वेळ लागला. आता तिसऱ्या वेळी घाई करायची नाही, असं त्यांनी ठरवलं होतं.

मग नावं सुरू झाली. एक नाव एक दिवस. सकाळी आल्या की काउंटरवर वाकून मला आजचं नाव सांगायच्या, आणि मी दिवसभर मनात त्यांना त्या नावाने हाक मारायची, असं ठरलं होतं. संध्याकाळी निकाल. ‘पळस’ एका दिवसात गेला. विदर्भात लिहिणाऱ्या प्रत्येक दुसऱ्या माणसाला फाल्गुनात पळस होतो, असं मी म्हणालो होतो. ‘राखुंडी’ त्यांना आवडलं होतं. कोराडीला खिडकीच्या कठड्यावर रोज सकाळी बारीक राख बसते, ती पुसताना सुचलं म्हणे. मी म्हटलं, लोक दात घासतील. त्या म्हणाल्या, तर काय झालं, रोज तोंडात तर जाईन. पण बोटांना बसलं नाही. ‘अनामिका’ साइटने घेतलं नाही, ते आधीच कोणीतरी घेतलं होतं. पुढे आकडे लावलेल्या अनामिकाही पुष्कळ होत्या. मी फार विचार करून एक संस्कृत नाव सुचवलं, चार जोडाक्षरांचं. ताईंनी ते पर्सवर एकदाच टाईप केलं. “याले तर चष्मा लागते, भाऊ.”

उन्हाळ्यात दुपारी तीननंतर सेंटरमध्ये एक गुंगी यायची. पडदे ओढलेले. आत यंत्राची ठकठक, दूर कुठेतरी कोणी उखळात कांडत बसल्यासारखी. बाकावरची माणसं एकमेकांच्या खांद्यावर मान टाकून झोपलेली. त्या वेळी ताई पाण्याची बाटली घेऊन माझ्या काउंटरशी उभ्या राहायच्या आणि आम्ही नावांबद्दल बोलायचो, अगदी हळू. मला वाटायचं, त्या झोपलेल्या माणसांत रोज एक बाई येऊन बसते, रोज वेगळ्या नावाची, आणि आपली पाळी येण्याआधीच उठून जाते. तिचं वय विचारायचं माझं राहून जातं.

अशाच एका दुपारी त्यांनी कोराडीच्या मनोऱ्यांचं सांगितलं. संध्याकाळच्या बसमधून ते लांबूनच दिसतात. त्यांच्यातून पांढरी वाफ निघते, वर जाते, आणि जरा वेळाने ढगांत मिसळते. “मंग कोणती वाफ आपली अन् कोणता ढग देवाचा, काही समजत नाही. असं नाव पाहिजे.”

आणि एका शुक्रवारी ते सापडलं. तीन अक्षरांचं होतं. ऐकल्यावर मला आधी काहीच वाटलं नाही. संध्याकाळपर्यंत वाटू लागलं, की या बाईंना दुसरं नाव असूच शकत नाही. मी म्हटलं, आजच रकाना भरा.

त्यांनी भरला नाही. आपलं नाव आपणच ठेवलं की आपल्याच हाताने आपल्याला घास भरवल्यासारखं वाटतं, असं त्यांचं म्हणणं. पोट भरतं, पण मजा नाही. बारशाला बाळाच्या कानात नाव सांगायचा मान आत्याचा. ताईंची आत्या ऐंशीच्या पुढची, पारशिवनीला राहायची. तिने एकदा कानात सांगावं, की झालं. अशा गोष्टींवर माझा विश्वास नाही. पण वर्षभर रोज नवं नाव मनात घेऊन बसलेल्या माणसाला हे बोलायचा अधिकार राहत नाही.

योग असा आला, की आमच्या सेंटरने पारशिवनीच्या एका शाळेत मोफत तपासणी शिबिर ठेवलं. आम्ही सगळे गाडीत बसून गेलो. दुपारच्या सुट्टीत ताई मला म्हणाल्या, चला जी, दोन गल्ल्या सोडून घर आहे.

आत्या अंगणात बरबटीच्या शेंगा सोलत बसली होती. आधी ताईंना, एवढी वाळली काहून वं, म्हणाली. मग मला पाणी दिलं. ताईंनी सगळं समजावून सांगितलं. फोन, साइट, लिहिणं, नाव. आत्या हातात शेंग धरून ऐकत राहिली.

“म्हणजे लिहिशीन तू, अन् नाव तिसरीचं?”

“तिसरी कोणी नाही, आत्या. मीच.”

आत्याने हातातली शेंग खाली ठेवली. “बाराव्या दिवशी तुह्या कानात म्याच सांगतलं होतं,” ती म्हणाली. “तवा तू रडली होती.” आणि गुडघ्यावर हात टेकून उठली.

पाळणा घरात नव्हता. ओसरीत बंगई होती, कड्यांना टांगलेला लाकडी झोपाळा. आत्याने ताईंना तिच्यावर बसवलं. पायही वर घ्यायला लावले, बाळाचे पाय लोंबत नाहीत म्हणून. पन्नाशी ओलांडलेल्या ताई, गळ्यात शिबिराचं ओळखपत्र, मांडी घालून बंगईवर. शेजारच्या बायका जमल्या. शिबिराच्या रांगेतल्याही दोघी-तिघी हे काय म्हणून आल्या. आत्याने एक झोका दिला. ताईंनी नाव आत्याच्या कानात सांगितलं. आत्याने वाकून ते ताईंच्या कानात सांगितलं आणि कुर्रर्र केलं. बायकांनी रीतीप्रमाणे आत्याच्या पाठीत धपाटे घातले, वयाकडे पाहून हळूच. ताईंचे डोळे मिटलेले होते. दोन्ही हात मांडीवर उताणे पडले होते. त्यांची बोटं मी पहिल्यांदाच स्वस्थ पाहिली. बंगई आपोआप हलत होती, कड्या कुरकुरत होत्या, आणि क्षणभर मलाही ते सगळं खरं वाटलं.

मग आत्या ताठ उभी राहिली आणि तिने ते नाव सगळ्यांना मोठ्याने सांगितलं. शेतातून घराला हाक मारतात त्या आवाजात. दोनदा.

ताईंनी डोळे उघडले. “आत्या, ते कोणाले सांगायचं नव्हतं ना.”

आत्याला काही कळेना. “आधी कानातच सांगतलं ना वं. मंग लोकायले नाही सांगतलं, तर ठेवलं कशाले नाव?”

तिचं बरोबर होतं. बारशाला नाव कानात सांगतात आणि लगेच सगळ्यांना सांगतात. रीतच तशी आहे. आम्ही दोघांनी आयुष्यात पन्नास तरी बारशी जेवली असतील. वर्षभर विचार करताना आम्हाला फक्त पहिला अर्धा भाग आठवला होता. एवढं वाचलेल्या मलाही.

आत्याने सगळ्यांच्या हातावर साखर ठेवली. तिच्या नातसुनेने बंगईचा व्हिडिओ घेतला होता आणि कौतुकाने घरच्या ग्रुपवर टाकला होता, नावासकट. आमची गाडी खापरखेड्याला पोचेपर्यंत कोराडीहून ताईंच्या यजमानांचा निरोप आला. अभिनंदन, येताना पेढे आणतो, आणि काय लिहितेस ते एकदा सांग. माणूस चांगला होता. ताईंनी फोन पर्समध्ये ठेवला आणि खिडकीबाहेर पाहत राहिल्या. “एक दिवस भी नाही टिकलं, भाऊ,” एवढंच म्हणाल्या.

ते नाव मी इथे लिहीत नाही. कोणा एकाने तरी ते पाळावं.

सोमवारी ताईंनी त्याच नावाने तो मंगळसूत्राचा लेख साइटवर टाकला. तो वाचायला शांतपणे चार मिनिटं लागतात. पहिलं कौतुक पहिल्या मिनिटाला आलं. फारच छान वहिनी. मग दीर, भाचे, कॉलनी, नमस्काराचे हात, फुलांचे गुच्छ. आमच्या डॉक्टरांनीही शुभेच्छा दिल्या, खाली पदव्यांसह. त्या म्हाताऱ्याच्या गळ्यातलं मंगळसूत्र पुढे कधी निघालं, हे कोणी विचारलं नाही. ताई आठवडाभर रोज पाहत होत्या. मग पाहणं बंद केलं, आणि माझ्या काउंटरवर सकाळचं नाव येणंही बंद झालं. दुपारची गुंगी तशीच येत राहिली, फक्त आता मी तिच्यात खरोखरच झोपायचो.

पुढच्या वर्षी यजमान निवृत्त झाले. कोराडीचं क्वार्टर सोडून दोघं मुलाकडे, दुसऱ्या शहरात जाणार होते. शेवटच्या दिवशी सेंटरमध्ये शाल-श्रीफळ झालं. डॉक्टरांनी निरोपाची चार कडव्यांची कविता वाचली. ती सकाळी ताईंनीच टाईप केली होती, त्यामुळे त्यांना कुठे डोळे पुसायचे ते माहीत होतं.

मी त्यांना बसपर्यंत सोडायला गेलो. शाल माझ्या हातात, नारळ त्यांच्या. न राहवून विचारलं, दुसरं नाव घेतलं की नाही?

“घेतलं ना. पावसाळ्यापासून लिहून राहिली.”

कोणाला सांगितलं असं विचारलं, तर म्हणाल्या कोणालाच नाही, या नावाचं बारसं केलं नाही. मग जरा हसून कुठल्याशा गावच्या एका बाईने लिहिलेला अभिप्राय सांगितला. ओळख ना पाळख. शेवट पटला नाही, असं त्या बाईने कळवलं होतं, आणि गोष्ट तीन ठिकाणी लांबली आहे, ती ठिकाणंही दाखवली होती. “तीन ठिकाणी, भाऊ,” ताई म्हणाल्या. पुरस्काराची बातमी सांगताना आमच्या डॉक्टरांचा चेहरा असा कधी झाला नव्हता.

मी नाव विचारलं. मला वाटत होतं, सगळ्यांत आधी वाचणारा माणूस म्हणून माझा थोडा हक्क आहे.

ताईंनी नारळ या हातातून त्या हातात घेतला. “तुम्ही माझं एकदाच वाचलं, भाऊ. माहीत नव्हतं तेव्हा. आता नाव सांगतलं, तर तुम्ही नुसतं ओळखाल.”

बस आली. मी शाल खिडकीतून आत दिली.

इंटरनेटवरच्या लेखनाला मी साहित्य म्हणत नसे; अजूनही सहसा म्हणत नाही. पण त्या गेल्यापासून रोज दुपारी, काउंटर शांत झाला की ती साइट उघडतो. शेकडो अनोळखी नावं. प्रत्येकाचा संशय येतो. म्हणून प्रत्येकाचं शेवटपर्यंत वाचतो. कंटाळवाणं असेल तर जास्तच नेटाने, कारण ताई मला चकवण्यासाठी मुद्दाम वाईट लिहू शकतात. कधी एखादं वाक्य येतं आणि वाटतं, ह्याच. मग बाकावरच्या झोपलेल्या माणसांकडे मी उगाचच पाहतो.

मागच्या महिन्यात असाच एक लेख आला. शेवटचा परिच्छेद वाचून माझी खात्रीच पटली. मी खाली दोन ओळी लिहिल्या, की नाव काहीही असो, या शेवटच्या परिच्छेदावरून मी तुम्हाला ओळखलं आहे. तासाभरात उत्तर आलं. त्या गृहस्थांचं जालन्याला ठिबक सिंचनाच्या नळ्यांचं दुकान आहे, आणि शेवटचा परिच्छेद त्यांच्या मेहुण्याने लिहिला होता.